चार डिग्रीतला मिडसमर

अल कुसैस, दुबई
२ जुलै २००९

तीर्थरूप वासुमामांना ईशानीचा वाकून नमस्कार. (शिरसाष्टांग लिही, असं मृणालिनीकाकू मागून सांगतेय, पण एक पंधरा फुटी खांब जिन्यातून चढवायच्या नादात माझी पाठ धरलीये. सो सध्या वाकण्यापर्यंतच.)

तुमचा गुडघा कसा आहे? मामीचं बीपी? मामी मीठ कमी खाते का, की अजूनही लोणच्याला ‘तोंडी लावणं’ म्हणून हिशोबातच धरत नाही? इकडे आम्ही सगळे मजेत. सूर्यकांतकाका रोज पेपर वाचून ‘अजून एक प्रोजेक्ट बंद’ म्हणतो आणि मग शांतपणे दुसरा चहा मागतो. काकाचा छोटा सिद्धांत तुम्हाला नमस्कार सांगतो. म्हणजे मी त्याला सांग म्हटलं, तर तो ‘टेल हिम हाय’ म्हणाला, त्याचा मी नमस्कार केलाय.

तुमची अट होती की पत्र मराठीत हवं, हाताने लिहिलेलं हवं, इंग्रजी पत्र आलं तर न फोडता परत पाठवीन. मला इंग्लिश मीडियममध्ये घातलं म्हणून तुम्ही गेली वीस वर्षं आईला जे ऐकवताय ते मला मान्य नाही, पण पत्र मराठीतच लिहितेय. जिथे शब्द अडला तिथे काकूला विचारलं, आणि काकू कुकरपाशी होती तिथे इंग्रजी ठोकून दिलं. सांभाळून घ्या.

आता मुद्दा. तुम्ही लिहिलंत की दुबई बुडाली, लोक एअरपोर्टवर गाड्या टाकून पळतायत, तू परत ये, तुझ्यासाठी आपल्या क्लासमध्ये नववीच्या इंग्लिशची बॅच राखून ठेवलीये, पंधरा जुलैच्या आत कळव. मामा, आधी उत्तर देते म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको: काळजी करू नका. माझं इथलं बस्तान पक्कं झालंय. कसं झालं ते सांगायलाच हे पत्र आहे, आणि ते जरा मोठं होणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

माझी कंपनी स्वीडनची हे तुम्हाला माहीत आहे. बाथरूमचे नळ विकते. फार सुंदर नळ. एकेक नळ बाराशे दिरहमचा, म्हणजे पंधरा हजार रुपये, आणि पाणी तेच. ऑफिस दुबई मरीनाला, बाविसाव्या मजल्यावर. माझ्या खिडकीतून गेल्या वर्षी नुसत्या क्रेन फिरताना दिसायच्या. या वर्षी त्याच क्रेन दिसतात, पण फिरत नाहीत. आणि अर्ध्यात थांबलेल्या बिल्डिंगला नळ कशाला लागतोय? त्यामुळे जानेवारीपासून आमच्याकडे दर गुरुवारी कोणाचा तरी फेअरवेल केक कापला जायचा. एप्रिलपर्यंत इतके केक झाले की काकू म्हणाली, तुमची कंपनी माणसं कमी करतेय आणि तुझं वजन वाढवतेय. शेवटी उरलो नऊ जण, आणि स्वीडनहून निरोप आला की हेड ऑफिसच्या गुनिला मॅडम जूनच्या तिसऱ्या आठवड्यात येऊन स्वतः बघणार आणि दुबईचं ऑफिस ठेवायचं की नाही ते ठरवणार. ऑफिस राहिलं तर मी राहणार. नाही राहिलं तर व्हिसा कॅन्सल, महिन्याभरात पुण्याचं विमान आणि मग तुमची नववीची बॅच. (बॅच वाईट आहे असं नाही म्हणत मी. पण मामा, मला शिकवायला लावलंत तर त्या पोरांचं काय होईल ते तुम्हीच विचार करा.)

तर ज्या शुक्रवारी गुनिला मॅडम इथे असणार होत्या, नेमका तोच शुक्रवार निघाला स्वीडनच्या मिडसमरचा. मिडसमर म्हणजे त्यांची दिवाळी समजा. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, तिकडे म्हणे सूर्य जवळजवळ मावळतच नाही, मग लोक गावाबाहेर तळ्याकाठी जातात, पानाफुलांनी सजवलेला उंच खांब उभा करतात, डोक्यावर फुलांच्या रिंगा घालतात, नवे बटाटे आणि मुरवलेले मासे खातात, आणि मग मोठमोठी शिकलेली माणसं त्या खांबाभोवती बेडकासारख्या उड्या मारतात. खोटं नाही सांगत. आमचे साहेब, बेंग्ट, सहा फूट चार इंच, त्यांनी मला पॅन्ट्रीत करून दाखवलं. करून दाखवलं आणि म्हणाले, चार वर्षं झाली, मिडसमरला घरी गेलो नाही. मी लगेच म्हटलं, बेंग्ट, आपण इथेच करू, यू लीव्ह इट टू मी. (मला माहीत आहे तुम्ही आता चष्मा काढून कपाळाला हात लावला असेल. पण मला सांगा, मॅडमच्या नजरेत भरायचा याहून चांगला चान्स कुठला?)

बेंग्ट फक्त एवढंच म्हणाले की छोटंसं कर, साधं कर, आणि उघड्यावर कर, बंद हॉलमध्ये केलेला मिडसमर हा मिडसमर नसतो. एवढं साधं वाक्य. पण ते मी घरी येऊन काकूला सांगितलं, आणि तिथेच गडबड झाली. काकू आमच्या इथल्या मंडळाची सहा वर्षं सांस्कृतिक सचिव आहे. तिच्या कानावर ‘कार्यक्रम’ हा शब्द पडला की तिचा हात आपोआप पेनाकडे जातो. अर्ध्या तासात दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ देऊन सत्कार, सांस्कृतिक भाग (म्हणजे बेडूक), आणि आभारप्रदर्शन, असं सगळं मिनिटांसकट ठरलं. मी म्हटलं, काकू, ते लोक नुसते बसतात आणि खातात गं. काकू म्हणाली, “बसतात कारण त्यांना कोणी नीट कार्यक्रम करून दिला नाही.” मला ते पटलं. आणखी एक त्यांची रीत मी तिला सांगितली, की त्या रात्री मुली कोणाशी एक शब्द न बोलता सात प्रकारची फुलं गोळा करतात आणि उशीखाली ठेवून झोपतात, मग स्वप्नात होणारा नवरा दिसतो. काकू म्हणाली, “एक शब्द न बोलता? मग तुझं अवघड आहे.”

खरेदी मी तीन दिवसांत उरकली. बर दुबई भागात देवळाजवळ किसन म्हणून आपला नगरचा फुलवाला आहे, त्याला झेंडू आणि शेवंतीच्या पंधरा गोल रिंगा सांगितल्या. त्याने विचारलं, मूर्ती केवढी आहे? मी म्हटलं, सहा फूट चार इंच. त्याने हात जोडले. मासे आले स्वीडनहून बाटल्यांत, आणि ते ठेवायचे कुठे हा प्रश्न, कारण काकूचा फ्रिज मंडळाच्या आमरसाने भरलेला. तेव्हा काकू मला हनीफभाईंकडे घेऊन गेली. हनीफभाई रत्नागिरीचे, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये त्यांचं मासळीचं मोठं कोल्ड स्टोरेज आहे, आणि काकू दहा वर्षं सुरमई त्यांच्याकडूनच घेते. (काकू माहेरची कोकणातली, त्यामुळे काकाच्या घरात सगळं चालतं. आईला हे अर्धंच माहीत आहे, तुम्ही पूर्ण सांगू नका.) हनीफभाईंनी एक बाटली उघडून वास घेतला, एक तुकडा चाखला, बराच वेळ छताकडे बघितलं आणि म्हणाले, “गो पोरी, ह्यो मासळीचा मुरांबा कोणी केला?” पण ठेवून घेतलं सगळं. बटाटे, क्रीमचा केक, स्ट्रॉबेऱ्या, सगळं. वर आपल्या सुताराकडून तो पंधरा फुटी खांबही करून दिला, आडवी काठी आणि दोन्ही टोकांना दोन रिंगा लटकवलेला.

जागा मी ठरवली होती आमच्या ऑफिसच्याच बिल्डिंगची गच्ची (खालचे बरेचसे मजले फ्लॅटचे). समोर समुद्र, वर आकाश, उघडंच उघडं. वॉचमन हमदुल्ला पेशावरचा, कडक माणूस, गच्चीवर पार्टी म्हटलं असतं तर चावी दिली नसती. मी सांगितलं, छोटी पूजा है. पूजावाले लोग शरीफ होते हैं, असं म्हणून त्याने चावी दिली. आणि मामा, तसं बघितलं तर सूर्याचीच पूजा होती की ती.

फक्त सूर्याला कोणीतरी सांगायला हवं होतं की आम्ही तुझ्याच बाजूचे आहोत. संध्याकाळी सहाला गच्चीवर त्रेचाळीस डिग्री, आणि समुद्रावरून येणारी हवा म्हणजे कुकरची शिट्टी काढल्यावर येते ती. त्यात खांब वर येईना. लिफ्टमध्ये मावला नाही, जिन्यात तिसऱ्या मजल्यावर वळणात अडकला (पाठ!), शेवटी हनीफभाईंच्या पिकअपवाल्याने तो परत नेला. खांबाशिवाय मिडसमर कसा? मग माझं डोकं चाललं. गच्चीच्या मधोमध एक मोठी डिश अँटेना होती, छान उंच खांबावर. मी खजुराच्या झावळ्या आणि झेंडूच्या माळा घेऊन तिला खालपासून वरपर्यंत अशी मढवली की काकूसुद्धा म्हणाली, मखर झालंय अगदी.

पाहुणे आले. बेंग्ट, गुनिला मॅडम पांढऱ्या लिननच्या ड्रेसमध्ये, आणखी चार स्वीडिश आणि आम्ही ऑफिसचे. काकूने समई लावून घेतली आणि पाहुण्यांचा परिचय सुरू केला. तो दोन पानांचा होता. पहिलं पान संपेपर्यंत मॅडम आधी गुलाबी झाल्या, मग लाल, आणि मग ड्रेसला मॅचिंग पांढऱ्या. केकचं क्रीम खाली उतरलं, स्ट्रॉबेऱ्या त्यात पोहायला लागल्या. किसनच्या झेंडूने मान टाकली. माशांच्या बाटल्या उघडल्यावर काय झालं ते तुम्हाला शाकाहारी माणसाला काय सांगू. मांजर आलं, बाविसाव्या मजल्याच्या वर, कुठून आलं देव जाणे, आणि वास घेऊन तेही परत गेलं. बेंग्ट सारखे ‘लव्हली, लव्हली’ म्हणत होते आणि टायने घाम पुसत होते.

एवढ्यात गच्चीचं दार धाडकन उघडलं आणि हमदुल्ला आत. मागे बनियनमधले दोन काका, एक श्रीलंकन बाई आणि तिचा नवरा रिमोट हातात घेऊन. त्या संध्याकाळी क्रिकेटची सेमी फायनल होती, मामा. श्रीलंकेची. आणि मी मढवलेली डिश ही सगळ्या बिल्डिंगची डिश होती.

“बीबी! ये क्या जंगल बांध दिया? पूरे टॉवर का मॅच गया!”

मी म्हटलं, भाईसाब, पूजा है. त्याने एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा डिशकडे, एकदा पोहणाऱ्या स्ट्रॉबेऱ्यांकडे. म्हणाला, “किस की पूजा? एंटीना की? पांच मिनट. फिर खलास.” आणि त्या रिमोटवाल्याने स्वतःच्या हाताने झावळ्या उपटायला घेतल्या. काकूने त्याला थांबवलं, का तर अजून आभारप्रदर्शन राहिलं होतं.

मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडले. लपवत नाही. मला तिथे डोळ्यांसमोर तुमच्या क्लासचा बोर्ड दिसत होता. तेवढ्यात फोन वाजला, हनीफभाईंचा, बर्फाचे खोके कधी परत देतेस विचारायला. मी त्यांना फोनवर सगळंच सांगितलं, हुंदक्यांसकट. ते म्हणाले, “रडतंस कशाला गो? घेवन ये सगल्यांना हकडे. खांब हकडे, जागा हकडे. आनी थंडाव तर इतकी हाय की विचारू नको. यल्ला, चल!”

तर ऑफिसची व्हॅन आणि काकाची गाडी भरून आम्ही सगळे वाळवंटातून मासळीच्या गोदामात. मॅडम वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. (मला वाटलं सात फुलं गोळा करतायत.) हनीफभाईंच्याकडे दोन खोल्या आहेत, एक मायनस अठराची, तिथे माणूस गोठतो, आणि एक प्लस चारची, ताजी मासळी आणि भाज्यांची. हॉटेलांनी ऑर्डरी कमी केल्यामुळे ती खोली अर्धी रिकामीच होती. तिथे मधोमध पॅलेट रचून त्यांनी खांब उभा केला होता, लोडर लोकांनी त्याला कोथिंबीर, कढीपत्ता, जे हिरवं हाताला लागलं ते बांधलं होतं, आणि टेबल म्हणून माशांचे क्रेट उलटे टाकले होते.

आत गेलो. दार बंद झालं. सगळ्यांच्या तोंडातून वाफ. लोडरांची जाड जॅकेटं होती सहाच. आणि इथे काकूचा तो कार्यक्रम कामाला आला, मामा! मंदीमुळे मंडळाने सत्कार बंद केलेत, त्यामुळे शालींचा अख्खा गठ्ठा काकाच्या गाडीत पडून होता. स्वीडनच्या सगळ्या पाहुण्यांचा एकत्र सत्कार झाला. मॅडमच्या खांद्यावर केशरी शाल, हातात नारळ, डोक्यावर मान टाकलेला झेंडू, दात वाजतायत. मी मनात म्हटलं, ईशानी, संपलं. बॅग भर.

मॅडमनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि बेंग्टला म्हणाल्या, “आता फक्त पाऊस हवा.” आणि दोघं हसत सुटले. थांबेचनात. मला काही कळेना, तेव्हा बेंग्टने सांगितलं. स्वीडनमध्ये मिडसमरला दर वर्षी हेच होतं. लोक समर समर करत पातळ कपडे घालून तळ्याकाठी जातात, आणि नेमकी त्या दिवशी थंडी पडते, मग सगळे ड्रेसवर स्वेटर, स्वेटरवर चादर असे कुडकुडत बसतात, बटाटे गार होतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतो की गेल्या वर्षीपेक्षा बरं आहे. माझ्या गच्चीवर जो होता तो फोटोतला मिडसमर होता. घरचा मिडसमर हा होता.

तेवढ्यात वरच्या कूलिंगच्या पंख्यातून पाणी ठिबकायला लागलं, बरोबर बटाट्यांवर. हनीफभाई ओशाळून बादली आणायला धावले. सहा स्वीडिश माणसांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मग पुढे काय विचारता! त्यांच्यात प्रत्येक छोट्या ग्लासाआधी एक गाणं म्हणायचं असतं. ग्लासात जे असतं ते हनीफभाईंच्या जागेत चालणार नव्हतं, मग त्यांनी घरून सोलकढी मागवली. प्रत्येक घोटाआधी गाणं, गाण्यानंतर सोलकढी. मासळीचा मुरांबा सोलकढीबरोबर बरा लागतो असं हनीफभाईंनी जाहीर केलं. (मी फक्त बटाटे खाल्ले. आईची शपथ.) बेडूकनाच झाला, तो तर तुम्ही बघायलाच हवा होता. पुढे बेंग्ट, मागे मॅडम बाळासारखा नारळ कडेवर घेऊन, मग काकू पदर खोचून, मागे सगळे लोडर, त्यातला एक इतका सही उडी मारायचा की मॅडमनी त्याला दोनदा पुढे घेतलं. बेंग्ट मध्येच खांबाला हात लावून उभे राहिले. डोळे भरलेले. आमच्या गावचा खांब माझे बाबा उभा करायचे म्हणाले, आता ते ऐंशीचे आहेत, आता कोण करत असेल. जाताना मॅडमनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, मी लहान होते तेव्हापासूनचा सगळ्यात खरा मिडसमर तू केलास.

बघा मामा. बुडालेल्या दुबईत, जूनमध्ये, मासळीच्या गोदामात. मला आता या शहरात काहीही जमेल असं वाटतं, आणि नुसतं वाटत नाही, लोकांनाही तसं वाटायला लागलंय. म्हणून म्हटलं, बस्तान पक्कं.

मामीला नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा, आणि क्लासच्या जिन्यावरून चढताना पोरांवर ओरडायचं तेवढं जरा बंद ठेवा, वर पोचल्यावर ओरडा.

तुमची लाडकी (हे तुम्ही कधी म्हणत नाही, म्हणून मीच लिहिते) भाची,
ईशानी

ता. क. : बस्तान पक्कं आहे, पण त्या ऑफिसमध्ये नाही. ते ३१ जुलैला बंद होतंय. रविवारी मीटिंग झाली. गुनिला मॅडम ऑफिस दोन वर्षं चालू ठेवायचं असं ठरवूनच आल्या होत्या, कागदही तयार होते. पण त्या थंडीत बेंग्टना घर इतकं आठवलं की त्यांनी मॅडमना सांगून टाकलं, मला परत जायचंय, बाबांकडे. आणि बेंग्टशिवाय दुबई चालवणारं कोणी नाही. म्हणजे ॲक्च्युअली कार्यक्रम फसला असता तर माझी नोकरी राहिली असती. त्याला इलाज नाही. इतका चांगला कार्यक्रम मुद्दाम वाईट करणं मला जमलं नसतं.

ता. क. दुसरा : नववीची बॅच कृपया दुसऱ्या कोणाला तरी द्या. मला नोकरी लागलीये. हनीफभाईंना हॉटेलांशी इंग्रजीत भांडणारं आणि रिकामी खोली भरून दाखवणारं माणूस हवं होतं. त्यांनी मला त्या रात्रीच विचारलं, मी रविवारनंतर हो म्हटलं. व्हिसा तेच करतायत. पण व्हिसावर कंपनीचं नाव येणार, आणि त्या नावात ‘फिश’ आहे. आईला हे मी सांगू शकत नाही. आपल्या घरात तिने शेजारच्यांच्या बोंबलाच्या वासावरून फ्लॅट बदललाय. मामा, तिला तुम्हीच सांगा. ती जगात फक्त तुमचं ऐकते. (आणि दर मे महिन्यात तुम्ही ज्या ‘योगशिबिरा’ला मालवणला जाता, तिथे दुपारच्या ताटात काय असतं ते मामीने मला सांगितलंय. मी कोणाला बोलले नाही. बोलणारही नाही.)

ता. क. तिसरा : सांगताना फ्रोझन फूडची कंपनी आहे म्हणा. फ्रोझन काय, असं ती विचारेलच, तेव्हा मटार म्हणा. तुम्हाला माझ्यासाठी खोटं बोलायला लागू नये म्हणून काल मी दोन पोती मटार मागवून आत ठेवून घेतलेत.